बावीस खिडक्यांचा तपास

नोकरीतले कितीतरी मोठे गुन्हे मी विसरून गेलो. पण निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीतला फळ्यांचा मामला अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. स्वातंत्र्याला अजून काही वर्षे अवकाश होता आणि मी निपाणीला फौजदार होतो.

एका सकाळी वखारीचा मालक ठाण्यात आला. आदल्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या वखारीच्या बावीस खिडक्यांवरच्या लाकडी फळ्या नाहीशा झाल्या होत्या. वाऱ्याने चुरा उडतो, पान वाळते, म्हणून त्याने सगळ्या खिडक्या फळ्यांनी बंद करून घेतल्या होत्या. आत चाळीसेक बायका पाने निवडायच्या, चुरा चाळायच्या. फळ्या गेल्या, उजेड-वारा आत आला आणि सुट्टी संपल्यावर बायका काहीच घडले नसल्यासारख्या कामाला बसल्या.

मी फिर्याद लिहून घेतली. मालकाला फळ्यांचे फारसे दुःख नव्हते.

"ह्यांना कोण फितवतंय ते शोधा," तो म्हणाला. "आज फळ्या काढल्या, उद्या वखार बंद पाडतील."

वरिष्ठ साहेबांचाही निरोप तोच आला. फळ्या मिळोत न मिळोत, पुढारी हजर करा.

पंचनाम्याला वखारीत गेलो. खिडक्या उघड्या असूनही आतला खकाणा, म्हणजे तंबाखूची झोंबरी धूळ, घशात उतरला आणि पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. हवालदार तर लिहिता लिहिता इतका शिंकला, की पंचनाम्याचा कागद दुसरा घ्यावा लागला. बंद खिडक्यांत इथे काय होत असेल, हा विचार तेव्हा मनात आला. पण तो तपासाचा भाग नव्हता.

दोन दिवसांत खबऱ्याने नाव आणले. गावातल्या वाचनालयात भाषणे करणारा एक तरुण मास्तर ह्यामागे आहे, असे त्याचे म्हणणे. मास्तरला बोलावले. तो मुळीच घाबरला नाही. उलट कॉलर नीट करून बसला.

"जनता जागी झाली की असं होणारच," तो म्हणाला.

"म्हणजे तुम्ही केलंत?"

"मी दिशा दिली."

"बरं. फळ्या कशा काढल्या?"

"खिळे उपसून."

मी त्याला चहा पाजून घरी पाठवले. फळ्यांना खिळे नव्हतेच. त्या चौकटीच्या खाचेत सरकवलेल्या होत्या. गुन्हा कबूल करायला इतका उत्सुक माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याला पुढारी व्हायचे होते. पण त्याच्यामागे कोणी नव्हते.

मग बायकांचे जबाब सुरू केले. दिवसाउजेडी, वखारीच्याच अंगणात, गावच्या पाटलांना शेजारी बसवून. पहिली आली.

"फळ्या कुणी काढल्या?"

"मी काढल्या की."

दुसरी आली. "मी काढल्या."

तिसरी म्हातारी होती. "मीच काढल्या, लिवा."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचा तोच जबाब. हवालदाराच्या बोटांना पेटके आले. शिकवलेला जबाब ओळखू येतो. तो सांगताना माणूस पाठ म्हटल्यासारखा बोलतो. ह्या बायका तशा बोलत नव्हत्या. कुणी पदर सावरत, कुणी हसत, कुणी रागाने सांगत होती. आता मला खरोखरच कुतूहल वाटू लागले. नोकरी जाणे, चार शिव्या आणि कदाचित तुरुंग, एवढे डोक्यावर घ्यायला चाळीस बायका कुणाच्या शब्दावर तयार होतात?

मी त्यांच्या घरांची झडती घेतली, विहीर पाहिली, गाड्या तपासल्या. एक फळी मिळाली नाही.

जबाबांनंतर तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना अंगणात बसवले. एक तरणी बाई सगळ्यांत मोठ्याने बोलायची, शिपायांना उलट उत्तरे द्यायची. मला वाटले, हीच.

"हिला बेळगावच्या तुरुंगात नेतो," मी म्हणालो.

तिचा चेहरा पांढरा पडला. "सायेब, अंगावरचं लेकरू हाय वो घरात," एवढेच ती बोलली.

त्या क्षणी मी तिच्याकडे पाहत नव्हतो, घोळक्याकडे पाहत होतो. कुणाचेही डोळे तिच्यावर नव्हते. सगळ्या माना मागे वळल्या होत्या. भिंतीला टेकून एक पन्नाशीची, किरकोळ अंगाची बाई बसली होती. तिचा जबाब मी घेतला होता. पण तिचा चेहरा मला आठवत नव्हता.

ती उठली. खोकला आला, तो संपेपर्यंत थांबली.

"तिला सोडा," ती म्हणाली. "मी म्हटलं तवाच काढल्या. फळ्या हितंच हायत."

"इथं कुठं?"

"वखारीत. या."

ती आम्हांला कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे तंबाखूची बोदं, म्हणजे ती मोठाली गच्च पोती, छतापर्यंत रचली होती. त्यांच्यामागे सगळ्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. कुठली फळी कुठल्या खिडकीची, हे कळावे म्हणून प्रत्येकीवर चुन्याने रेघा ओढलेल्या. मी सगळे गाव पालथे घातले होते आणि चोरी झाली तीच जागा नीट शोधली नव्हती. मालक म्हणाला चोरी, मी धरून चाललो चोरी. ही चूक माझी.

"लपवल्यास कशाला?"

"समोर ठेवल्या तर लगीच बसवल्या असत्या. भाईर नेल्या तर चोरी झाली असती. चोरी न्हाय करायची म्हणून समद्यांस्नी आधीच सांगितलं होतं."

सगळ्या तिला आक्का म्हणत. तिच्याहून थोरल्या बायकासुद्धा. मी तरण्या बाईला सोडून दिले आणि दोघी-तिघींना बाजूला घेऊन विचारले. आता जबाबासाठी नाही, माझ्यासाठी.

एक म्हणाली, "चाळणीपाशी लई खकाणा असतोय. तितं पाळीपाळीनं बसतोय आमी. आक्काची पाळी दोनदा येते. का, ते कुनी इचारत न्हाय."

दुसरी म्हणाली, "मागं एकदा तिच्या सांगण्यावरनं आमी मालकाकडं गाऱ्हानं घेऊन गेलतो. त्यानं दोघींस्नी कामावरनं काढलं. आक्का त्यांच्या घरी गेली, म्हनली, माझं चुकलं. असं कोण म्हनतंय वो?"

तिसरीने एकदा आक्काकडे पाहिले. मग म्हणाली, "तुरुंगात जावं लागंल, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. काय होत न्हाय, असं म्हनली न्हाय."

शेवटी मी आक्कालाच विचारले, "बायका तुझं का ऐकतात?"

तिला प्रश्न विचित्र वाटला असावा. "मी कुठं सांगते सायेब? मी इचारते. फळ्या काढूया का, म्हनून महिनाभर एकेकीच्या दारात गेले. दोघी नको म्हनल्या. म्हटलं, बसा तुमी घरात, राग न्हाय."

"दोघी नको म्हणाल्या? मग त्यांनी काढल्याच नाहीत?"

"न्हाय."

मी ठाण्यात येऊन सगळे जबाब पुन्हा चाळले. एकूण एक बाईने 'मी काढल्या' असे सांगितले होते. ज्यांनी हात लावला नव्हता, त्या दोघींनीही. त्या कोण, हे आक्काने मला कधी सांगितले नाही आणि मीही पुढे विचारले नाही.

फळ्या मालकाच्या ताब्यातून बाहेर गेल्याच नव्हत्या, म्हणून चोरीचे कलम टिकणार नाही, असे सरकारी वकिलांनी कळवले. चिथावणीखोर पुढारी सापडत नाही, असा अहवाल मी पाठवला. त्याबद्दल वरून कानउघाडणीचे पत्र आले. मालकाने आक्काला कामावरून काढले. दुसऱ्या दिवशी वखारीत एकही बाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्याने माणूस पाठवून आक्काला बोलावून घेतले. अर्ध्या खिडक्या उघड्या राहिल्या, अर्ध्यांना फळ्या परत लागल्या. बायका सगळे काही जिंकल्या, असे झाले नाही.

तोवर माझी समजूत अशी होती, की माणसे एकतर दराऱ्याला मानतात, नाहीतर जोरदार बोलण्याला. दराऱ्यासाठी माझ्याकडे गणवेश होता, बोलण्यासाठी आवाज. शिपाई माझा शब्द खाली पडू देत नसत आणि मी त्यालाच मान समजत होतो.

तपास बंद झाल्यावर एका दुपारी मी हवालदाराला खोलीत बोलावले. चार वर्षे तो माझ्या हाताखाली होता, वयाने माझ्यापेक्षा मोठा. त्याला म्हटले, "बसा. मला सांगा, ठाण्याच्या कामात तुम्हांला काय अडचण वाटते? काय बदलावं?"

तो बसला नाही. टोपी काखेत दाबून ताठ उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला.

"सायेब," तो म्हणाला, "माझी काय चूक झाली का?"

चाळीस बायकांच्या जबाबांपेक्षा त्या एका प्रश्नाने मला जास्त शिकवले. मी उठलो, खुर्ची ओढून त्याच्याजवळ ठेवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तो बसला; पण बोलू लागायला त्याला कितीतरी दिवस लागले.