मोहाच्या वासाची टाकी

माझ्या जुन्या जीपची टाकी तळाशी सडली, तेव्हा सीटमागे डिझेलची कॅन बांधून, तिला नळी जोडून मी कशीबशी अहेरी गाठली. तिथल्या भंगारवाल्यानं दोन टाक्या पुढ्यात ठेवल्या. एक काळ्या रंगानं चकचकीत. भंगाराला एवढा रंग कोणी उगाच देत नाही. किल्लीनं खरवडलं, तर खाली सगळं भोकं बुजवायला थापलेलं लिंपण.

"हे काय?"

"कंपनीतूनच तसं येते, भाऊ."

माझं डोकं फिरलं. दुसरी टाकी मळकी, पोचे पडलेली. झाकण काढून नाक लावलं. डिझेलचा मागमूस नाही, उलट आंबूस-गोड वास. मोहाची दारू!

"यात काय ठेवत होते?"

"पाणी," म्हणून तो भलतीकडेच पाहू लागला.

दोन्ही वेळा खोटंच बोलला, पण हे खोटं माझ्या फायद्याचं होतं. या जिल्ह्यात दारूबंदी. डिझेल गळलं तर रस्ता खराब होतो, मोहाची गळली तर पोलीस दारात येतात. गळक्या टाकीत ती ठेवतो कोण? मी तीच उचलली.

परतताना नाक्यावर पोलिसानं जीप अडवली. मागे टाकलेली टाकी उघडून हुंगली. मग कॅन पाहिली, नळी पाहिली, आणि शेवटी माझं तोंड. मी सगळं खरं सांगितलं. त्याला एक अक्षर पटलं नाही.

"भाऊ, एकच सांगा," तो म्हणाला, "पेते कोण, तुम्ही का गाडी?"