पोचल्याची खबर

ये गं शोभा, अशी जवळ बस. किती वाळलीस ते नंतर बोलू. आधी सांग, मागच्या खेपेला इथून गेलीस, मग पोचल्याचं एक कार्ड टाकायला काय झालं होतं? जवाहरनगर काही विलायतेत नाही. तलावावरचे मामा असते तर तुझ्यावर फार रागावले असते.

देवांना इतका जीव लावून बुडवणारा माणूस मोहाडीच्या आसपास दुसरा झाला नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. मामा काही सख्खे नव्हेत. आपल्या तलावात मासे धरायचे, म्हणून साऱ्या गावाचे मामा. तुझ्या क्वार्टरातल्या शेजारणींना कानोबा ठाऊक नसेल, त्यांनाही सांग: जन्माष्टमीला आपल्याकडे घरोघरी मातीचा कानोबा बसतो, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगतो, आणि दुसऱ्या दिवशी पाटावर बसून तलावावर जातो. काठावरून कोणी मूर्ती पाण्यात टाकू लागला की मामा कडाडायचे, "काहून फेकता बाप्पा? पाहुणा हाये तो, दगड हाये का?" मग एकेक कानोबा डोंग्यात, त्या लहानशा होडीत, घेऊन मधल्या पाण्यात जायचे, बुडी मारायचे आणि तळाशी गावाकडे तोंड करून बसवून यायचे. एकदा एक कानोबा गावाकडे पाठ करून बसला, तर म्हणे काठावरून परत जाऊन फिरवून आले. खरंखोटं तळाच्या माशांना ठाऊक.

आणि सगळे देव विरघळेपर्यंत तलावात जाळं टाकायचं नाही, हा त्यांचा नेम. रोज सकाळी बुडी मारून पाहायचे. ज्याची माती सुटली, त्याच्या दारात ओल्या धोतराने हजर: "बाई, तुमचा पोचला." हातात चहाची कपबशी पडल्याशिवाय हलायचे नाहीत. मग घरी जाऊन मामींना सांगायचे, आज भूक नाही.

आता तुला कोणी न सांगितलेलं सांगते. तू वर्षाची होतीस. आठ दिवस तापाने फणफणलीस, डोळे उघडेनास. कानोबा बसला त्या संध्याकाळी ताप उतरला आणि तू फुलोऱ्यातल्या करंजीकडे हात केलास. दुसऱ्या दिवशी मूर्ती उचलायला गेले, तर हातच होईना. वाटलं, हा घरातून गेला की ताप परत येईल. मी त्याला तांदळाच्या कोठीमागे लपवलं आणि तुझ्या बाबांना सांगितलं, शेजारणीबरोबर पाठवला.

पण मामांनी देव मोजलेले. संध्याकाळी दारात. "बाई, एक कमी हाये." मी म्हटलं, असेल कोणाचा. ते पडवीत बसले. दुसऱ्या दिवशी आले, बसले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मामी आल्या, कोरडं जाळं खांद्यावर घेऊन. "काय वं बाई, तुहा देव कोठीमागं लपून राहिला, अन माह्या घरी चार दिवसांपासून मीठ-भात खाऊन राहिलो. या बुढ्याले समजाव, नाही त देवाले समजाव." कोठीमागचं त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

मला रडूच फुटलं. मनातली भीती सांगून टाकली. मामा पडवीतूनच म्हणाले, "ताप येईल का नाही, मले काय ठावं. पण पाहुण्याले अंधारात कायले कोंडतेस? चाल, तूच बसव."

मामींनी तुला कडेवर घेतलं. मी जन्मात पहिल्यांदा डोंग्यात बसले. मामांनी मूर्ती माझ्याच हातात देऊन पाण्याखाली धरायला लावली. आधी बासरी गेली, मग बोटं, मग माती इतकी मऊ झाली की मी सोडलं का त्याने सोडलं, कळलंच नाही. काठावर तू जाळ्याशी खेळत खिदळत होतीस. ताप काही परत आला नाही.

दुसऱ्या सकाळी मामा दारात. "पोचला, बाई." आणि माझ्या हातावर तळाची मूठभर माती ठेवून म्हणाले, "पुढच्या साली देव हिचाच कर." मागोमाग मामींनी मासोळ्या धाडल्या. तेव्हापासून आपला कानोबा तलावातल्या मातीचाच.

मामा जाऊन तीन पावसाळे झाले. आता देव पोचले की नाही, कोणी सांगत नाही. कानोबा गेल्यावर सकाळी मी एक कप चहा जास्त टाकते आणि मीच पिते. तुला सासरी धाडताना मी रडले नाही, याचं बायकांना नवल वाटलं होतं. मला तो डोंगा आठवत होता.

पण पोचल्याचं कळायला हवं गं. उद्या गेलीस की कार्ड टाक. आणि यंदा कानोबाला दोन दिवस आधीच ये. माती मळायला माझे हात आता पुरत नाहीत.