स्वयंपाकीण एक

मी आयुष्यात एकच कादंबरी लिहायला घेतली आणि ती पुरी केली नाही. लोक विचारतात तेव्हा मी शाळेच्या कामाचं कारण सांगतो. ते खोटं आहे. खरं कारण आमच्या काकू.

काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळ आमचं घर. वडील, ढुंढिराजभट, तीर्थोपाध्याय. दक्षिणेतले यात्रेकरू आमच्याकडे उतरायचे आणि वडील त्यांची नावं वहीत लिहून घ्यायचे, एकेका गावाचं वेगळं पान. पुढं कधी त्यांची मुलंनातवंडं आली की ते पान काढून दाखवायचं: हे तुमचे आजोबा, अमुक साली आले होते, बरोबर अमुक अमुक होते. माणसं त्या अक्षरांवरून हात फिरवून रडायची. लहानपणी मला त्याचं हसू यायचं.

काकू आमच्या सोवळ्या स्वयंपाकीणबाई. मी दोन वर्षांचा असताना त्या मिरजेच्या एका यजमानांबरोबर रांधायला म्हणून यात्रेला आल्या. परतायच्या दिवशी त्यांना ताप भरला. यजमान म्हणाले, पुढच्या यात्रेला घेऊन जाऊ. पुढची यात्रा काही आली नाही. काकू आमच्या चुलीपाशी राहिल्या त्या राहिल्याच. मला भूक लागली की त्या आठवायच्या, एरवी नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

शके १८२१ च्या चातुर्मासातली गोष्ट. वडील वारून तीन वर्षं झाली होती. गंगा चढून पंचगंगा घाटाच्या पायऱ्या बुडाल्या होत्या, यात्रेकरू थोडे आणि फुरसत भरपूर. मी शाळेत मास्तर होतो, सव्वीस वर्षांचा होतो आणि स्वतःला मोठा लेखक समजत होतो. दर रविवारी दुपारी आमच्या माडीवर चार मराठी मास्तर जमत आणि मी त्यांना कादंबरीचं नवं प्रकरण वाचून दाखवी. काकू फराळाचं ठेवून जिन्यात बसून ऐकत.

त्या रविवारी वेणीमाधव मास्तरांनी विचारलं, "दिनानाथराव, एवढी माणसं तुम्ही सांभाळता कशी?" झालं. मला तेवढंच हवं होतं. मी व्याख्यानच झोडलं.

म्हटलं, "पात्रं एका जातीची नसतात. नायकनायिका वेगळी. काही पात्रं कथेत ठेचकाळतात आणि बदलतात, त्यांच्यावर लेखकानं जीव लावायचा. काही पहिल्या पानावर असतात तशीच शेवटच्या पानावर असतात. कंजूष तो कंजूष, कजाग ती कजाग, त्यांनी गंमत येते. खलपात्राला आतून थोडं दुःख दिलं की ते उठून दिसतं. शेवटची जात निमित्तपात्रांची. दार उघडणारा गडी, निरोप आणणारा जासूद. त्यांना नावसुद्धा द्यायचं नाही. नाव दिलं की वाचक उगाच त्यांची वाट पाहत बसतो."

मास्तर मंडळींनी माना डोलावल्या. ती गेल्यावर काकू वाट्या उचलायला आल्या.

"दिनू, तिसऱ्या प्रकरणात ती सोवळी बाई पाणी आणून देते ना, तिचं पुढं काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही कसं?"

"नायिकेला चक्कर आली होती, काकू. कुणीतरी पाणी द्यायला हवं होतं. तिनं दिलं, तिचं काम झालं."

"पण ती कुठली, कुणाची? तिचं कुणी तरी असेल."

"सगळ्यांचं लिहीत बसलो तर पुस्तक संपायचं कधी?" मी वैतागलो. "कुणाचं लिहायचं आणि कुणाचं नाही, हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं."

काकूंनी वाट्या पुन्हा खाली ठेवल्या. मग म्हणाल्या, "तुझे वडील पण असंच ठरवायचे का रे? वहीत?"

मला काही कळेना. तेव्हा त्या खाली बसल्या आणि चोवीस वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या. वाईजवळच्या खेड्यात दिराकडे त्यांची मुलगी होती, चिमणा. निघाल्या तेव्हा चार वर्षांची. परत जाणाऱ्या यात्रेकरूंजवळ त्यांनी दोनतीनदा निरोप धाडले. एकदाच उलट निरोप आला: मुलीचं लग्न झालं. कुठं दिली, नाव काय ठेवलं, काही नाही.

"पण मी घाबरले नाही," काकू म्हणाल्या. "ती जाणती झाली की मिरजकरांबरोबर आई गेली हे तिला कुणी तरी सांगेल. ती काशीला येईल, तुमच्याच घरी येईल, वही उघडायला लावील. माझं नाव आहे ना वहीत. तुझे वडील लिहीत होते तेव्हा मी समोर उभी होते. आज तुझं ऐकलं आणि मनात शंका आली. जरा बघ ना, बाळा."

मी वही काढली. मिरजेचं पान. शके १७९७. काशीनाथपंत, त्यांची पत्नी, मातोश्री, बंधू विष्णुपंत. सोबत गडी २, स्वयंपाकीण १.

"आहे," असं म्हणून टाकावं असं मनात आलं. काकू म्हणाल्या, "कुठं आहे? बोट ठेव."

मी बोट ठेवलं आणि तिथं जे होतं ते वाचलं. त्यांनी त्या एकच्या आकड्यावर स्वतःचं बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "आता लिही. तुळसा." चोवीस वर्षं त्यांच्या हातचं जेवून त्यांचं नाव मला तेव्हा कळलं. मी आकड्यापुढं नाव लिहिलं, त्यांनी ते वाचायला लावलं आणि समाधानानं म्हणाल्या, "आता आली तर सापडेन मी."

मी मान खाली घालून बसलो होतो, कारण त्याच पानाच्या तळाशी मला दुसरी एक नोंद दिसली होती. शके १८१३, वैशाख. वाईचे विश्वेश्वरपंत, पत्नी सौ. सीताबाई. मातेची चौकशी केली. तुळसा हे नाव वहीत नाही. अक्षर माझं होतं; तेव्हा मिरजेचं पान उघडलेलं होतं, म्हणून तिथंच लिहिलं होतं.

त्या दुपारी वडील घाटावर श्राद्ध चालवायला गेले होते आणि वहीपाशी मी होतो. मला पोहायला जायची घाई होती. ती बाई म्हणाली होती, "तुळसा. मिरजेच्या लोकांबरोबर आली होती. नीट पाहा ना." आई रांधायला आली होती हे सांगायला तिला संकोच वाटला असेल. मी पान नीट पाहिलं, ती ओळही वाचली आणि नाही म्हणून सांगितलं. ती उन्हातून आली होती, म्हणून आत हाक मारली, "काकू, पाणी!"

खाली येऊन मी बायकोला, शरदिनीला, सगळं सांगितलं. "आता काकूंना तोंड कसं दाखवू?" म्हटलं, तर ती फाडकन म्हणाली, "आधी वाईला पत्र टाका, तोंडाचं मग बघा." मी पत्र टाकलं. उत्तर येईपर्यंत काकूंना काही सांगायचं नाही असं ठरवलं. त्या दिवसांत काकू चुलीपाशी ओव्या गुणगुणत. मला जेवण जात नसे.

अठराव्या दिवशी विश्वेश्वरपंतांचं उत्तर आलं. कुटुंबाचं माहेरचं नाव चिमणा. दोन वर्षांमागं माघात प्लेगनं वारली. काशीची आठवण निघाली की म्हणे, सगळं दर्शन झालं, आई तेवढी सापडली नाही.

काकू तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसलो आणि काही न लपवता सांगितलं: ती आली होती, मी नाही म्हणून सांगितलं, तुमच्याकडून तिला पाणी मागवलं, आता ती नाही. मला वाटलं होतं त्या किंकाळी फोडतील. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"कशी होती दिसायला?"

नायिकेच्या नुसत्या डोळ्यांवर मी दीड पान खर्ची घातलं होतं. इथं एक शब्द सुचेना. "मी पाहिलं नाही, काकू."

"मी पण नाही," काकू म्हणाल्या. "सवाष्ण बाई तीर्थाला आलेली. सोवळ्या बाईचं तोंड नको दिसायला, म्हणून तांब्या उंबऱ्यात ठेवला आणि पाठ फिरवली. हमेशा तसंच करत आले." मग त्या रडल्या. तोंडावर आलवणाचा पदर घेऊन, आवाज न करता, खूप वेळ रडल्या. मीही रडलो. मला रडायचा हक्क नव्हता, पण रडलो.

पदर खाली करून त्यांनी विचारलं, "पाणी प्याली?"

ते मात्र मला आठवत होतं. मला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली होती आणि त्याचा वैताग आला होता. "प्याली. पुन्हा मागितलं."

"म्हणजे दोन तांबे."

"दोन."

"मग तेवढं लिही."

मी वही आणली. सीताबाईंच्या नोंदीतली माझी शेवटची ओळ खोडली आणि खाली लिहिलं: माता तुळसा याच घरी होती. तिच्या हातचे दोन तांबे पाणी प्याली.

"वाच," काकू म्हणाल्या. मी वाचलं. त्यांनी ते मला तीनदा वाचायला लावलं.