शेवाळबुवांची टाकी

शेवाळबुवांनी मला पहिल्यांदा ‘बसा’ म्हटलं तोवर माझी दाढी दोन बोटं वाढली होती आणि संस्थेचे दोन संचालक बदलले होते, असं मी गेली वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. प्रत्यक्षात पंचवीस मिनिटं झाली असतील. मी संस्थेच्या ग्रंथालयात होतो आणि सात वर्षं परत न आलेलं एक जाडजूड पुस्तक मागायला त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या गृहस्थांनी मान न वळवता एक बोट वर केलं. त्या बोटाकडे बघत मी उभा.

“थांबलंय,” ते पुटपुटले. मग बऱ्याच वेळाने ओरडले, “सुटलं!” आणि माझ्याकडे वळून, “कोण तुम्ही?”

पुस्तक टाकीच्या आखूड पायाखाली होतं. “काढलं तर टाकी डुगडुगेल. टाकीला धक्का बसला की पेशी दचकतात,” ते म्हणाले. मी हसलो. ते हसणं मला दीड तासाला पडलं.

टाकीत एक प्रकारचं शेवाळ होतं. त्याची एकेक पेशी बोटभर लांब, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी. “आतला रस सारखा गोल फिरत असतो,” बुवा सांगत होते. “जरा टोचलं की कॅल्शियम आत घुसतं. लग्नघरात पाहुणे घुसावेत तसं. त्यासरशी विजेची एक लहर पेशीभर पळते आणि फिरणारा रस जागच्या जागी थिजतो. मग पेशी एकेका पाहुण्याला दाराबाहेर काढते, आणि रस पुन्हा चालू.”

“नसा नाहीत, तरी वीज?”

“तुमच्या डोक्यात नसा आहेत. काही उजेड पडतोय का?”

बुवा साधे प्रयोगशाळा सहायक. पदवी नाही, पण पदवीवाले त्यांच्याकडे वाटी घेऊन पेशी मागायला यायचे. निवृत्तीच्या एकतीस वर्षं आधी त्यांनी बस डेपोमागच्या तळ्यातून एक काडी आणली होती. टाकीतलं सगळं तिचंच गोत. तळं कधीच बुजलं, वर गाड्या उभ्या राहतात.

बुवांच्या निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा संस्था नव्या इमारतीत गेली. टाकी त्यांनी स्वतः नेली, ढकलगाडीवरून, गोगलगाय लाजेल अशा वेगाने. पाठोपाठ बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. दहा दिवसांची रजा. जाताना त्यांनी टाकीवर कार्ड चिकटवलं: ‘रोज चार तांबे पाणी काढून चार तांबे नळाचं घालावं.’ एकतीस वर्षं हेच चाललं होतं.

जुन्या इमारतीच्या नळाला विहिरीचं पाणी होतं. इतकं जड, की बादल्यांना पांढरी पुटं चढायची आणि चहा खडूसारखा लागायचा. नव्या प्रयोगशाळेच्या नळाला यंत्रातून गाळून काढलेलं पाणी होतं. त्यात काही म्हणजे काहीच नव्हतं.

अकराव्या दिवशी बुवा आले. बायकोला घरी एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून तिलाही आणलं होतं, डोळ्यावर पट्टीसकट. ग्रंथालयात फोन आला, “जरा या.” मी गेलो तर बुवा टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभे होते. पेशी ओल्या दोऱ्यासारख्या लुळ्या पडलेल्या.

विभागप्रमुख मॅडम रडवेल्या झाल्या होत्या. “काका, मी रोज स्वतः पाणी बदललं. कार्डावर होतं तसंच.”

“तसंच होतं, मॅडम. मीच लिहिलंय.”

“मग झालं काय?” मी विचारलं.

“कॅल्शियम गेलं. विहिरीच्या पाण्यात ते होतं, ह्या नळाच्या पाण्यात नाही. पेशीचं पातळ आवरण त्याच्याच आधारावर टिकून असतं. बाहेर ते उरलं नाही की आवरण झिरपायला लागतं, आतलं सगळं वाहून जातं. टोचलं तरी लहर उठत नाही. कशाच्या जोरावर उठेल?”

त्यांनी मोजून कॅल्शियमचा क्षार घातला. जुन्या नळाचं पाणी आणायला मी धावलो; जुन्या इमारतीची जोडणी आदल्याच आठवड्यात तोडली होती. रिकामी कळशी घेऊन परत आलो तेव्हा बुवा एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरत होते. टोचायचं, बघायचं, बाजूला ठेवायचं. आम्ही तिघं नुसते बघत होतो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

“अहो, भावजींना बसायला तरी सांगा,” वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “माझी नाडी कधी एवढ्या प्रेमाने बघितली नाही हो यांनी. आणि मला एका डोळ्याने दिसतंय ते यांना दोन डोळ्यांनी दिसत नाहीये.”

“काय दिसतंय?” बुवांनी विचारलं.

“उठा आता. घरी चला.”

बुवा उठले नाहीत. दुपारी एका पेशीत रस फिरताना सापडला. बुवांनी हळूच टोचलं. रस थांबला. पाच मिनिटं, दहा, वीस. मॅडम उठून खिडकीशी गेल्या. वहिनी पट्टीखालचा डोळा पुसू नये म्हणून हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या.

“टोचायला नको होतं,” बुवा म्हणाले. “पण टोचल्याशिवाय कळणार कसं?”

तो रस पुन्हा सुटला नाही. आठवड्यात सगळी टाकी गेली. पुढच्या महिन्यात मॅडमनी दुसऱ्या संस्थेतून त्याच जातीचं शेवाळ टपालाने मागवलं. ते चांगलं वाढतंय.