काळविटाचं शिंग आणि टॉर्क रेंच

आमच्या काळविटाचं डावं शिंग पडलं तेव्हा प्लांट हेड बोराडे साहेब बरोबर त्याच्याखाली उभे होते. पाहुणे कुठून आत येतील, हार कोण घालेल, हे ते एचआरला समजावत होते. शिंग त्यांच्या खांद्यावर आपटून खाली गेलं. त्यांनी आधी खांदा झटकला, मग वर बघितलं, मग माझ्याकडे.

"साळवे मॅडम, हे कशानं चिकटवलं होतं?"

"ग्लूनं, सर."

"आपली कंपनी काय बनवते?"

"स्क्रू, सर."

त्यांनी शिंग उचलून माझ्या हातात दिलं.

सुप्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी आहे. गाड्यांचे स्क्रू, बोल्ट, नट बनवते. मी क्वालिटीत आहे. सुट्टीच्या दिवशी मला ॲक्रिलिक आणि फेल्टचे थर जोडून नेमप्लेट, घड्याळं करायची हौस आहे. ॲक्रिलिक म्हणजे काचेसारखं दिसणारं प्लॅस्टिक. फेल्ट म्हणजे जाड, मऊ, दाबलेल्या लोकरीसारखं कापड. एक थर कडक, एक मऊ, असं रचत गेलं की चित्राला छान उठाव येतो. ही हौस एचआरला कळली आणि हौसेचं काम झालं. आपल्या जिल्ह्यात काळविटांचं अभयारण्य आहे, म्हणून रिसेप्शनच्या भिंतीवर जिल्ह्याची ओळख म्हणून काळवीट लावायचं ठरलं.

निमित्त होतं गुरुवारच्या व्हिजिटचं. पुण्याची एक ई-स्कूटर बनवणारी कंपनी येणार होती. त्यांच्या स्कूटरचे प्लॅस्टिकचे पॅनल ज्यांनी बसतात, त्या स्क्रूंची ऑर्डर होती. ती मिळाली तर नवीन लाईन सुरू होणार आणि पॅकिंगमधल्या कॉन्ट्रॅक्टच्या पोरी टिकणार. त्यात पाथर्डीची मनीषा होती. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. ती बारावी करून इथं आली आणि कोयता सुटला. लाईन आली नाही तर दिवाळीनंतर तीही टोळीबरोबर निघणार, हे तिनं मला डबा खाताना अगदी सहज सांगितलं होतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि प्लॅस्टिक जोडायची ऑर्डर मागणाऱ्या कंपनीच्या दारातच प्लॅस्टिकचं शिंग गळून पडत होतं.

झालं काय, की रिसेप्शनला पुढे सगळी काच. उन्हाळ्यात दुपारी तिथं भाकरी भाजून निघेल. माझा कापडाचा ग्लू उन्हानं सैल पडला. मग मी तो झटपट चिकटणारा ग्लू वापरला. फेल्टनं तो स्पंजासारखा पिऊन टाकला, वर त्याची वाफ ॲक्रिलिकवर बसली आणि पांढुरका थर आला. दुसऱ्या दिवशी काळविटाला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"ग्लू बंद," साहेब म्हणाले. "भाऊसाहेबांना बोलवा."

भाऊसाहेब म्हणजे आमच्या टूलरूमचे इनचार्ज. हातात पाना नसला की त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळत नाही. लेझर कटिंगवाल्याकडून मी सगळे तुकडे नव्यानं, आणि एक सेट जास्तीचा, आणला होता. भाऊसाहेबांनी भोकं पाडली, स्क्रू घातले आणि टॉर्क रेंच काढला. हा पाना ठरलेला ताण आला की क्लिक असा आवाज करतो. आवाज आला की थांबायचं, हा आमच्याकडचा धर्म.

"मॅडम, क्लिक येतच न्हाई," भाऊसाहेब म्हणाले.

"फेल्ट दबतंय, भाऊसाहेब. ते दबतच राहणार. थांबा तुम्ही."

"लई मऊ हाय हो. आवळावं तेवढं आत जातंय." त्यांनी अजून एक पिळा दिला आणि टक्‌ असा आवाज झाला.

"आला का क्लिक?" साहेबांनी लांबून विचारलं.

"आला साहेब," भाऊसाहेब म्हणाले, "पण येगळाच आला."

नशिबानं तडकला तो मागचा थर होता, दिसत नव्हता. पुढचे स्क्रू त्यांनी माझ्याकडे बघत बघत, हलक्या हातानं आवळले. संध्याकाळपर्यंत फेल्ट बसलं आणि सगळे स्क्रू सैल झाले. तेव्हा साहेबांनी स्वतः तोडगा काढला. "लॉकिंग लिक्विड घाला. ट्रकच्या इंजिनात बोल्ट हलत नाही, हरणाचा काय हलेल?"

लॉकिंग लिक्विड म्हणजे आट्यांमध्ये घालायचं औषध, त्यानं बोल्ट जागचा हलत नाही. लोखंडाला ते उत्तम. ताणलेल्या ॲक्रिलिकला ते चालत नाही, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही सगळी लोखंडाची माणसं. गुरुवारी सकाळी येऊन बघते तर प्रत्येक स्क्रूभोवती बारीक भेगांचं कोळ्याचं जाळं. स्क्रू मात्र एकही हलला नव्हता.

पाहुणे पुण्याहून निघाले होते. माझ्याकडे शेवटचा सेट उरला होता.

"सर, आता माझ्या पद्धतीनं करू द्या."

"तुमची पद्धत माझ्या खांद्यावर पडली होती."

"ही दुसरी आहे. कोटाच्या बटणाची."

जाड कोटाचं बटण कोणी कापडाला गच्च आवळून शिवत नाही. तसं शिवलं तर कापड गोळा होतं आणि बटण काजात बसत नाही. खाली दोऱ्याची छोटी मान ठेवतात. मला तीच मान हवी होती. म्हणजे फेल्टच्या आत स्क्रूभोवती एक छोटी नळी. स्क्रू आवळला की ताण नळीवर येणार, फेल्ट चेपणार नाही. ॲक्रिलिकची भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी, उन्हानं फुगायला जागा. स्क्रूच्या डोक्याखाली फेल्टचीच चकती. आणि आवळायचं बोटानं.

"नळ्या कुठून आणणार?" साहेबांनी विचारलं.

मी कॉन्फरन्स रूममध्ये पाहुण्यांसाठी मांडलेली कंपनीची पेनं उचलली. भाऊसाहेबांनी ती करवतीनं कापायला घेतली. त्यांना शेवटी काहीतरी कापायला मिळालं होतं, ते खूश होते.

"आणि पाहुणे लिहिणार कशानं?"

"रिफिलनं, सर."

गाडी गेटवर आली तेव्हा मी शेवटचा स्क्रू बोटानं फिरवत होते. पाहुण्यांमध्ये डिझाईनच्या शेख मॅडम होत्या. हार घालून घेतला, चहा नको म्हणाल्या आणि सरळ काळविटापाशी गेल्या. त्यांनी शिंगाला बोट लावलं. शिंग केसभर हललं.

बोराडे साहेबांचा चेहरा पडला. "घट्ट करून घेतो मॅडम, लगेच. भाऊसाहेब, पाना."

"थांबा. हे सैल राहिलंय की सैल ठेवलंय?"

"ठेवलंय," मी म्हणाले. मी त्यांना नळी, भोकं, चकती, सगळं सांगितलं. आधीचे बिघडलेले दोन्ही सेट टेबलाखालून काढून दाखवले. साहेब मला डोळ्यांनी नको नको म्हणत होते.

शेख मॅडमनी ते जाळं खिडकीशी नेऊन बघितलं. "आमचे पॅनल उन्हात अस्सेच तडकतात," त्या म्हणाल्या. "आणि जो सप्लायर येतो तो म्हणतो, आमचा स्क्रू जास्त घट्ट बसतो."

ऑर्डर लगेच नाही मिळाली. आधी सॅम्पल, मग ट्रायल, मग मिळाली. लाईन सुरू झाली आणि मनीषा आता तिथंच असेंब्लीला आहे. पहिल्या दिवशी तिला ट्रेनिंग द्यायला भाऊसाहेबांना पाठवलं होतं. ते तिला म्हणाले, "पोरी, हितं आवाज यायची वाट बघायची न्हाई."

माझ्यापुरता धडा एवढाच. दोन वस्तू जोडायच्या असतील आणि त्यातली एक मऊ असेल, तर आधी साहेबांना चहाला पाठवावं.