पावडरीनं खाल्लेले हात

आमच्या सौसरकडे अंगावर काहीही उठलं की दोष संत्र्याच्या बागांतल्या औषधफवारणीचा. छायाच्या बोटांवर फोड आले तेव्हा मी, तिची शेजारीण, मोठ्या शहाणपणानं तेच बोलले, "संत्र्याच्या बागेत जानं सोड." तिनं ऐकलं. वीस वर्षांत जिच्या हातून तोडताना एका संत्र्याची साल फाटली नाही, ती बाई शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर भांडी घासायला लागली. माझ्या अकलेला काय म्हणावं?

बाग सुटली आणि हात आणखीच बिघडले. तळव्यांना भेगा, भेगांतून पाणी. गावातल्या डॉक्टरनं मान वर न करता "फवारणी" म्हणत मलम लिहून दिलं. मग पोरांच्या आयांची कुजबुज सुरू झाली, हिला रोग आहे. वर्षभर हिनंच घासलेल्या ताटांत यांची पोरं जेवली, तेव्हा कुणाला किळस आली नव्हती. मुख्याध्यापक भगवंतरावांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

मी तिला धरून नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर तपासणीच्या पट्ट्या चिकटवल्या आणि चौथ्या दिवशी पाठ बघून सांगितलं, निकेल आणि क्रोम या धातूंची अ‍ॅलर्जी आहे. भांड्यांच्या पावडरीत यांचा अंश असू शकतो, तारेच्या घासणीतही. सगळ्यांना होत नाही, पण जिला जडली तिची सुटत नाही. एकाची दुसऱ्याला लागत नाही. फवारणीचा संबंध नाही, पहिले फोडही घरची भांडी घासूनच आले असणार. म्हणजे तिला न बाधणारं काम मी सोडायला लावलं आणि बाधणाऱ्या कामात ढकललं. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

परत आल्यावर आम्ही दोघी थेट शाळेत गेलो. भगवंतरावांनी रिपोर्ट वाचला, घडी घालून परत दिला.

"छायाबाई, हे बराबर असंन. पन लोक मानून नाई राहिले. तुमच्या जागी मी दुसरी बाई लावली."

खिडकीतून नळ दिसत होता. नवी बाई, उर्वशी, उघड्या हातांनी कढई घासत होती. शेजारी तीच सुटी पावडर, प्लास्टिकच्या साध्या पन्नीत. पन्नीवर नाव नाही, आत काय आहे तेही नाही. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात छायानं माझा हात दाबला.

तिनं रिपोर्ट पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हा इथंच राहू द्या, सर. तिचे हात फुटले का मंग तिले तरी फवारनी सांगू नोका."