आबांना उपाशी ठेवलं तेव्हा

जठराच्या भिंतीत घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक तयार होतं. जेवणाची वेळ जवळ आली की ते रक्तात वाढतं आणि मेंदूला भुकेची वर्दी देतं. सांगलीत एका मेडिकल कॉलेजात मी हे इतकी वर्षं शिकवतेय की झोपेतसुद्धा सांगेन. हेच संप्रेरक रक्तवाहिन्या सैल करतं, हृदयावरचा भार हलका करतं आणि दुबळ्या हृदयाला रक्त ढकलायला हातभार लावतं, असंही अभ्यासकांना दिसलंय. औषध म्हणून ते अजून हृदयरोग्याच्या हाती आलेलं नाही. पण पोट आणि काळीज एकमेकांची विचारपूस करतात, एवढं मला पटलेलं होतं.

माझे वडील, म्हणजे आबा, फौजेतून सुभेदार होऊन उंब्रजला परतले आणि उसात रमले. बाराच्या ठोक्याला त्यांना ताट लागायचं. घरातलं घड्याळ बंद पडलं तर यांच्या पोटावरून लावून घ्यावं, असं आई म्हणायची.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली. डॉक्टर म्हणाले, "झडप बदलायला हवी. पण अंगात ताकद नाही. महिनाभर जेवू घाला. वजन आणखी उतरलं तर मी ऑपरेशन करणार नाही." ऑपरेशन झालं नाही तर आबा फार दिवस राहणार नाहीत, हे आम्हाला वेगळं सांगावं लागलं नाही.

मग काय, सगळी भावकीच जेवू घालायला लागली. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हातानं जात नाही आणि आपल्या हातचा घास पोटात गेल्याशिवाय उठत नाही. सकाळी सातपासून डबे यायचे. शिरा, खीर, उकडलेली अंडी. आबांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही. प्रत्येकाचा चमचाभर खायचे, आणि बाराचं ताट आलं तसं परत जायचं. पंधरा दिवसांत दोन किलो उतरले. मी शनिवारी आले, हे पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. यांच्या पोटाला भूक लागायला आम्ही जागाच ठेवली नव्हती. त्याआधीच्या रविवारी चमचा घेऊन मीही तिथं बसले होते, याची जास्त लाज वाटली.

डॉक्टरांना फोनवर विचारलं आणि रजा टाकली. आठला न्याहरी, बाराला जेवण, मध्ये घासभरही नाही. मी दारातच खुर्ची टाकली. चुलती डबा घेऊन आली, तिलाही परत लावून दिलं.

"डाक्टरीन झालीस म्हून बापाला उपाशी मारतीस व्हय?" ती म्हणाली.

आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. आबा पलंगावरून आमच्याकडं बघत पडलेले असायचे. चौथ्या दिवशी पावणेबाराला त्यांनी हाक मारली, "भूक लागलीया गं."

आई पळतच चुलीकडं गेली. आबांनी आख्खी भाकरी खाल्ली. माझं शिक्षण त्या दिवशी फळाला आलं असं मला वाटलं, आणि मी चारचौघांत ते बोलूनही दाखवलं. पुढं रोजच्या जेवणात थोडी थोडी भर पडत गेली. महिन्याच्या शेवटी काटा वर सरकला आणि डॉक्टर तयार झाले.

ऑपरेशनच्या दिवशी नेमका उशीर झाला. रात्रीपासून आबांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. बारा वाजून गेले तशी त्यांची चुळबूळ सुरू झाली.

"एक सांगू?" ते म्हणाले. "त्या दिशी भूक लागली म्हनालो, ते खोटं हुतं."

"मग कशाला म्हणालात?"

"तुजी आई बोलंना, चुलती बोलंना. घरात तू येकटी पडलीस. म्हटलं, येक भाकरी तर हाय, ढकलू कशीबी." मग पोटावर हात ठेवून म्हणाले, "मागनं मातर खरी लागाय लागली. आता तर लय लागलीया, आन आज बी तू देत न्हाईस."

त्यांना आत नेईपर्यंत मी हसत होते. चार तासांनी डॉक्टर बाहेर येऊन सगळं नीट झालं म्हणाले, तेव्हा मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले. त्यांचं काळीज इतकं थकलेलं असताना, नको असलेली भाकरी ते माझ्यासाठी गिळत होते.